लुगडेकडा

मागवडे गावाच्या पाठीशी जो उभा कडा आहे, त्याला लुगडेकडा म्हणतात. काळ्याशार पाषाणावर आडवे पट्टे: कुठे डाळिंबी, कुठे हळदीसारखा पिवळा, कुठे वांगी. उन्हं उतरू लागली की ते असे उजळतात, की एकावर एक लुगडी वाळत घातलीत असं वाटावं. शिकलेले पाहुणे सांगतात, हे मातीचे आणि लोखंडाचे थर आहेत. गावातली म्हातारी माणसं मान डोलावतात, नाही म्हणत नाहीत. मग पाहुण्याला पारावर बसवतात आणि हौसाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी हा कडा नुसता काळा होता म्हणे. गाव कोष्ट्यांचं. घरोघरी माग, आणि मागाखाली विणणाऱ्याचे पाय सोडायला खड्डा. बनाबाई नावाच्या विणकरणीची एकुलती एक लेक हौसा. नाव तसा स्वभाव. साऱ्या बायका रुंद काठाची जड लुगडी नेसत, तेव्हा हिने बोटभर काठ विणला. साऱ्या पदर उजव्या खांद्यावरून घेत, तर हिने डाव्या. बायका नावं ठेवत आणि महिन्याभरात तिच्यासारखंच नेसू लागत.

हौसाचं लग्न ठरलं तेव्हा बनाबाईनं पेटीतून आपलं लग्नातलं लुगडं काढलं. डाळिंबी रंगाचं, वीतभर काठाचं.

"हे नेस गं. माझ्या हातचं आहे."

"हे?" हौसा हसली. "आई, हा काठ आहे की बैलाची झूल? मांडवातली माणसं हसतील मला."

बनाबाईनं लुगड्याची घडी घातली आणि पेटी लावली. हौसा आपल्या बोटभर काठाच्या लुगड्यात बोहल्यावर चढली. ती दिसलीही देखणी. सासर गावातच होतं, त्यामुळे मायलेकींची रोज भेट होई. पण त्या लुगड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे एका वर्षी गावात देवी आल्या. घराघरात अंगावर फोड उठले. आधी म्हातारी माणसं गेली, मग धडधाकट. हौसाचा नवरा गेला, चुलत भाऊ आणि भावजय गेली, त्यांची रांगती पोर ठकी हौसाच्या पदरात आली. शेवटी बनाबाईही गेली. रोग कपड्यालत्त्यातून पसरतो, हे लोकांनी ताडलं होतं. कोणतं वस्त्र कुणाच्या अंगाला लागलं हे कोण सांगणार? पंचांनी ठरवलं, गावातलं जुनं कापड झाडून सारं जाळायचं. कड्याच्या पायथ्याशी आग पेटली. पणज्यांची, आज्यांची लुगडी, ज्यांच्यासारखी पुन्हा कुणी विणणार नव्हतं, ती बायका आणून टाकत आणि मागे न पाहता परत जात.

हौसानं सगळं दिलं. आईचं डाळिंबी लुगडं मात्र मागाच्या खड्ड्यात लपवलं.

दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा तिनं ते बाहेर काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. ज्याला ती झूल म्हणाली होती त्या काठात ज्वारीच्या दाण्याएवढी नक्षी होती, ओळीवर ओळ. एकेका ओळीसाठी बनाबाईनं किती डोळे शिणवले असतील! हौसाला हुंदका आवरेना. तेवढ्यात ठकी रांगत आली, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि तोंडाकडे नेलं.

हौसानं ते हिसकावलं. पोर रडू लागली. तिला शेजारणीकडे देऊन हौसा लुगडं छातीशी धरून कड्याकडे निघाली.

आगीपाशी उभं राहून ती कड्याला म्हणाली, असं सांगतात, "बाबा, माझ्यानं हे राखवत नाही. तू राख. आमच्या पोरी नेसायच्या वयाच्या होतील, तेव्हा त्यांना परत दे."

आणि तिनं लुगडं ज्वाळेत सोडलं.

वारा पडला होता. तरी धूर वर गेला नाही. तो आडवा होऊन कड्याकडे वळला आणि ओल्या कापडासारखा दगडाला चिकटला. लोक हातातलं टाकून बघत राहिले. धूर विरला तेव्हा सूर्य कलला होता, आणि त्या तांबड्या उन्हात कड्यावर काठ उमटलेले दिसले. जळालेल्या प्रत्येक लुगड्याचा काठ. सगळ्यात जुने तळाशी, नवे वरती. म्हाताऱ्या पंचांनी पागोटं काढून मातीला डोकं टेकलं.

रोग ओसरला. वर्षं गेली. गाव कितीतरी काळ पांढरंच कापड विणत होतं. रंगाला हात लावायचा धीर कुणाला नव्हता. ठकी लग्नाची झाली तेव्हा हौसानं ठरवलं, आईचा काठ जसाच्या तसा विणायचा. रोज कड्यासमोर बसून बघायची, घरी येऊन विणायची. पण हात ऐकेना. दरवेळी काठाच्या कडेला तिची स्वतःची बारीक रेघ येऊन बसायची. ती उसवायची, पुन्हा विणायची.

"आत्या, राहू दे ना ती रेघ," ठकी म्हणाली. "आणि एवढा रुंद काठ मला नको. आजीची एक ओळ घे. बाकीचं मला आवडेल तसं."

हौसाला हे शब्द लागले. रागानं ती कड्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि मग तिला ते दिसलं. बनाबाईच्या डाळिंबी पट्ट्याखाली हौसाच्या आजीचा वांगी पट्टा होता, त्याखाली पणजीचा पिवळा. तोच ज्वारीचा दाणा तिन्हींत होता. पणजीकडे एक ओळ, आजीकडे दोन, बनाबाईकडे कितीतरी. कुणीच कुणाचं जसंच्या तसं घेतलं नव्हतं. बनाबाईसुद्धा कधीतरी आपल्या आईला नको म्हणाली असेल.

हौसा तिथंच खाली बसली. हसत होती की रडत होती, हे लांबून पाहणाऱ्यांना कळलं नाही.

घरी येऊन ती ठकीला म्हणाली, "चल. कोणती ओळ हवी ते तूच दाखव. मी तोंड उघडायची नाही."

तेव्हापासून मागवड्यात कडा दाखवल्याशिवाय लग्नाचं कापड घेत नाहीत. आजही साखरपुडा झाला की पोर कड्यासमोर येते. कुणी शालू घेणार असते, कुणी घागरा, परवा एकीनं तर पँट आणि कोट शिवला आणि कॉलरला वांगी ओळ लावली. पोर बोट दाखवेपर्यंत तिची आई कड्याकडे पाठ करून उभी राहते, कारण नजरेनंसुद्धा सुचवायचं नसतं. मग ती वळते. लेकीनं काय निवडलं ते पाहून काही आया हसतात, काहींचे डोळे भरतात. मोडता मात्र कुणी घालत नाही.