घाटाची घोडी, थडीची घोडी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा अधिक लक्ष देऊन ऐकावी.

नदी आणि डोंगर यांच्या मधल्या एका गावात सगुणा नावाची विधवा राहत असे. नावेने आलेले मीठ घ्यायचे आणि घाट चढून वरच्या वाड्यांवर विकायचे, हा तिचा धंदा. गोण्या वाहायला तिने बाजारातून दोन बुटक्या घोड्या आणल्या. दोघींचा रंग बदामी, दोघींची आयाळ काळी. एक होती डोंगरातली आणि दुसरी थडीची, म्हणजे नदीकाठची. पण विकणारा ते बोलला नाही आणि सगुणेनेही विचारले नाही.

घाटात पहिली घोडी शेळीसारखी चढली. दुसरी मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. दगडांवरून तिचे पाय घसरत, अंग थरथरे.

"सोंग करतेस होय?" म्हणत सगुणेने चाबूक ओढला.

रोज हेच होऊ लागले. शेवटी वैतागून तिने ती घोडी काठावरच्या एका कोळणीला देऊन टाकली.

"ने बाई, कामचुकार आहे नुसती."

कोळणीने घोडीच्या पाठीवरचे वळ पाहिले. "राहू दे माझ्याकडे," एवढेच ती म्हणाली.

पुढे उन्हाळ्यात नदी आटली. नाव चालेना. मीठ आणायला सगुणा आपल्या गुणी घोडीला घेऊन पात्रात उतरली, आणि घोडी पोटापर्यंत गाळात रुतली.

"चल ना गं!" सगुणेने सवयीने चाबूक उगारला. घोडीने मान वळवून पाहिले. तीच थरथर, तेच भेदरलेले डोळे. सगुणेचा हात वरच्या वर थांबला.

तिच्या हाका ऐकून कोळीण धावत आली. सोबत थडीची घोडी होती. अंगणातून चालावे तशी ती गाळावरून आली. कोळणीने दोर बांधला, थडीच्या घोडीने जोर लावला, आणि रुतलेली घोडी बाहेर निघाली.

सगुणेने खाली पाहिले. चिखलात दोन्ही घोड्यांचे ठसे शेजारीशेजारी उमटले होते. एकीचे अरुंद आणि खोल, दुसरीचे रुंद, वरवरचे. इतके दिवस तिने कधी त्यांचे खूरसुद्धा उचलून पाहिले नव्हते.

तिने थडीच्या घोडीला गोंजारायला हात पुढे केला. घोडी दचकून मागे सरली.

"बाई, ही मला परत मिळेल?" सगुणेने चाचरत विचारले.

"नाही," कोळीण म्हणाली. "पण नदीतून तुझं मीठ हिच्यावर आणून देत जाईन. पुढे घाट तुझी घोडी चढेल."

तसेच ठरले. धंदा पुन्हा सुरळीत झाला. सगुणा प्रत्येक खेपेला ओंजळभर हरभरे घेऊन थडीच्या घोडीसमोर उभी राहायची. घोडी तोंड फिरवायची. पुढचा उन्हाळा आला, तेव्हा कुठे तिने सगुणेच्या हातातला पहिला दाणा उचलला. सगुणेला रडू आवरेना.

तात्पर्य: कुणाला नालायक म्हणण्याआधी, आपण त्याला चुकीच्या वाटेवर तर उभे केले नाही ना, हे पाहावे.