रोज नवं हवं असलेली खार

फार फार पूर्वी एका जंगलात संगणक पोहोचले होते. कसे, ते त्या जंगलात कुणी विचारलं नाही, म्हणून आपणही विचारू नये.

एका खारीलाही संगणक मिळाला. आनंदाने तिची शेपटी एका जागी ठरेना. आता तो चालवायला त्यात लिनक्स घालायचं, पण त्याच्या इतक्या प्रकारांतलं कुठलं?

"माझ्यासारखं घे," कासवआजोबा म्हणाले. "दोन वर्षांतून एकदा बदलतं. बाकी निवांत."

"दोन वर्षं! तोवर मी म्हातारी होईन, आजोबा! मला रोलिंगच हवं. त्यात रोज काहीतरी नवं येतं."

"घे की. पण ते वापरणाऱ्यांची एक रीत आहे. आधी संगणकावरचा त्याचा सूचनाफलक वाचायचा, मग अपडेट करायचं."

"हो, हो!" खार म्हणाली. तिचं लक्ष केव्हाच पडद्यावर गेलं होतं.

मग काय, रोज नवे रंग, रोज नवी अक्षरं! खार नुसती नाचत होती.

उन्हाळ्यात पाणवठे आटले. खारीने झाडाझाडांवरून हिंडून, पाणी उरलेल्या बावीस डोहांचा आणि तिथल्या वाटांचा नकाशा संगणकावर काढला. संध्याकाळच्या सभेत तो पाहून सगळे निघणार होते. हरणीची पाडसं तर तहानेने उभीही राहत नव्हती.

सभेच्याच दिवशी सकाळी खारीने सवयीने अपडेट केलं. पडदा काळाठिक्कर पडला. बंद करून पुन्हा चालू केला, तरी काळाच.

"काय गं, रोज नवं दाखवणार होतीस ना?" शेजारच्या फांदीवरचा वानर खिदळला. "आज अमावस्या दाखवतेस वाटतं!"

खार रडतच कासवाकडे धावली. "आजोबा, नकाशा गेला!"

"नकाशा आतच आहे गं. फलक वाचला होतास?"

खारीने मान खाली घातली. दोघांनी कासवाच्या संगणकावर फलक उघडला. सूचना तीन दिवसांपूर्वीचीच होती: येत्या अपडेटनंतर जुन्या पडद्यांवर अंधार होईल; झालाच, तर या तीन कळा एकदम दाबा आणि ही ओळ लिहा.

खार ओळ घोकत घोकत परतली. तिने कळा दाबल्या. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली! एकेक अक्षर तपासत तिने ओळ लिहिली. पडदा उजळला, आणि बावीसच्या बावीस डोह निळे चमकले!

"पाणी सापडलं! चला, चला!" सभेत नकाशा पाहताच, पाडसांना पाठीवर घेऊन सगळं जंगल धावत सुटलं. अंधार पडायच्या आत पाडसं पोटभर पाणी प्यायली.

खारीने रोलिंग सोडलं नाही. मात्र त्यानंतर फलक वाचल्याशिवाय तिने एकही अपडेट केलं नाही, आणि कामाच्या दिवशी तर कधीच नाही.

तात्पर्य: नव्याची हौस जरूर करावी, पण त्यासोबत येणारी सूचना आधी वाचावी.