मु. पो. कातळवडी

“माझं एकानंही खरं मानलं नाही, बाबा. तुम्ही तरी मानाल का?”

अंजिराबाईनं चपला भिरकावल्या आणि उभ्यानंच विचारलं. बसायची गोष्टच नाही.

जलालबाबा फकीर पाण्याकडं बघत होते. दर्गा टेकडीवर, म्हणून वाचला. खालची कातळवडी धरणात गेली, त्याला दोन वर्षं झाली. माणसं वसाहतीत गेली. पाण्यावर सकाळचं धुकं लोळत होतं. त्यात मधेच देवळाचा कळस दिसल्यासारखा वाटे, मधेच काही नाही.

“काय मानायचं, माय?”

“माझी बहीण मला पत्र लिहिते. माझं कार्ड गेलं की उत्तर देणारच ती. वसाहतीतल्या बाया म्हणतात, विसरली तुला. विसरली म्हणे! एका ताटात जेवलोय आम्ही. तो हणमा पोस्टमन दाबून ठेवतो माझी पत्रं. मेल्याच्या नावानं उद्या तक्रार देते. तुम्ही फक्त चार लोकांत म्हणा, बाई खरं बोलते.”

बाबांनी पाण्यावरची नजर तिच्याकडं वळवली.

“दम्याची आहे हो ती...” अंजिराबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “दोन वर्षं झाली. आहे की नाही, तेवढं तरी कळावं.”

“लिही तिला.”

“आत्ता?”

“आत्ता.”

पिशवीत कोरं कार्ड होतंच. चौथी शिकलेली बाई, पायरीवर बसली आणि टोकदार अक्षरात लिहून मोकळी झाली. बाबांनी कार्ड हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

“हे वर कोपऱ्यात काय?”

“माझा पत्ता. मुक्काम पोस्ट कातळवडी.”

“दर खेपेला हाच?”

“मग काय प्लॉट नंबर लिहू? त्यांनी पत्र्याची पाटी ठोकली दाराला, म्हणून मी तिथली झाले? वसाहतीचा पत्ता लिहिला की गाव सोडलं असं होतं, बाबा. मी नाही सोडलं. सगळ्यांनी सोडलं. मी नाही!”

...

बाबा उठले. पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले, वाकले, आणि कार्ड अलगद पाण्यावर ठेवलं.

“अहो! अहो, काय करता? बहिणीला जायचं होतं ते!”

“तिची उत्तरं इथं येतात.”

कार्ड एक गिरकी घेऊन थांबलं. शाई सुटली, निळी रेघ होऊन लांब गेली. मग कागद जड झाला आणि खाली जायला लागला. घाई नव्हती त्याला.

अंजिराबाई बघत राहिली. खाली पोस्टाची खोली, तिच्यामागं गल्ली, गल्लीच्या तोंडाला तिचं दार. दाराला कडी नाही. बहिणीची पत्रं एकामागून एक आत शिरताहेत, चुलीपाशी जाऊन बसताहेत. मासे वरून जातात, एकही वाचत नाही. आणि तिकडं लांब बहीण कुणाला तरी सांगतेय, अंजी लिहिते, पण माझं एकही पत्र वाचत नाही...

धुकं उठलं. पाणी कोरं झालं.

अंजिराबाईनं डोळे पदरानं खसकन पुसले. अजून हार मानायची नव्हती तिला.

“बरं, हणमा नाही. मग तक्रार कुणाच्या नावानं देऊ? नाव सांगा, बाबा. मी सोडणार नाही त्याला.”

बाबांनी ओला हात कफनीला पुसला.

“लिहून घे. अंजिरा भिवा ढवळे.”