दोरा कुणी सरकवायचा

"...मग गाडी माझी की कंपनीची, बाबा?"

यशोधनने विचारलं आणि किल्ली बोटाभोवती गरकन फिरवली.

कबीरुद्दीनबाबा दर्ग्याच्या ओवरीत तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. यशोधन त्यांच्याकडे गाणं शिकायचा, पण आज त्याचं चित्त सुरात नव्हतं.

त्याने सगळं सांगितलं. गाडीच्या संगणकात त्याने स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर घातलं होतं. कंपनीला ते कळलं. संध्याकाळपर्यंत काढून टाका, नाहीतर आमची माणसं तुमच्या गाडीला यापुढे हात लावणार नाहीत, असं तिने कळवलं होतं. विकलेल्या वस्तूत काय असावं हे विकणाऱ्याने ठरवायचं, हे यशोधनला मान्य नव्हतं. कोर्टात जायची त्याची तयारी होती.

बाबांनी तार छेडली. आवाज बसका आला. तारेखालचा सुती दोरा त्यांनी, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, केसभर सरकवला आणि पुन्हा छेडली. ओवरी भरून गेली.

"तंबोरा करणारा दोरा देतो," बाबा म्हणाले. "कुठे सरकवायचा, ते वाजवणारा ठरवतो."

"अगदी हेच मी म्हणतोय." यशोधन जिंकल्यासारखा सावरून बसला.

"तू काय घातलंस गाडीत?"

यशोधनला हे सांगायचंच होतं. गाडी आता मराठीत बोलत होती. आणि चाळीसच्या वर जात नव्हती. त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, वय झालं होतं, सांगून ते ऐकत नव्हते.

"अण्णा चालवतात?"

"गाडी त्यांच्याच नावावर आहे. पण सगळं बघतो मीच."

"बाहेर चिंचेखाली बसलेत, ते कोण?"

"अण्णाच. मला कंपनी द्यायला आलेत."

बाबांनी त्यांना हाक मारून आत बोलावलं. अण्णा चपला काढून दाराशीच टेकले.

"मास्तर, गाडी कशी चालते?"

"बरी आहे..." अण्णा जरा अडखळले. "आताशा दमते. कोल्हापूरला मित्राकडे, दिगंबरकडे जायचो, ते सोडलं. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. पण तिला चाळीसच्या पुढे पळवतच नाही हो. म्हटलं, थकली असेल. आम्ही दोघंही आता..."

ते स्वतःशीच हसले.

किल्ली फिरायची थांबली.

अण्णांना त्याने सांगितलंच नव्हतं.

बाबांनी तारेखालचा दोरा पार बाजूला ओढला आणि तंबोरा अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी तार छेडली. तार नुसती थडथडली.

यशोधनने दोरा सारखा करायला हात पुढे केला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

अण्णांची बोटं दोऱ्याशी चाचपडत राहिली. दोरा फार पुढे गेला. मग फार मागे. यशोधनचा हात दोनदा आपसूक ओढला गेला, बाबांनी सोडला नाही.

...मग तार बोलली.

अण्णा डोळे मिटून छेडत राहिले.

"बाबा," यशोधनने हळूच विचारलं, "कंपनीला काय कळवू?"

बाबांनी त्याचं मनगट सोडलं.

"कुठल्या कंपनीला, बेटा? अण्णांची कंपनी तर तूच."