सोन्याचं पदक आणि काळा फळा

फार वर्षांमागे, ताऱ्यांचं गणित मांडणाऱ्या मनोरमाबाई ठोसरांच्या काचेच्या कपाटात एक सोन्याचं पदक राहायला आलं. सत्कारातल्या नारळाच्या वड्या झाल्या. पदकाला मात्र मानाची जागा मिळाली. मग काय, त्याला कोण ताठा चढला!

"माझ्यामुळेच बाईंना मान आहे," ते सत्काराच्या शालीला म्हणालं. "आणि समोरचा तो फळा बघ, नुसता गिरगोट्यांनी भरलाय. बाई एकदाचा पुसून का टाकत नाहीत?"

एके दिवशी शेजारच्या यमूताई आल्या. पदक बघून म्हणाल्या, "अगं, एवढं शोधलंस तरी काय?"

बाईंनी पदक तळहातावर घेतलं, फळ्यापाशी नेलं. "यमू, हे सोनं पृथ्वीवर नाही झालं. पृथ्वी नव्हती तेव्हा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, त्या वणव्यात हे जन्मलं. तो वणवा मला या गणितात सापडला."

पदकाने फळ्याकडे पाहिलं. खडूच्या रेघांमागे त्याला आपला पाळणा दिसला, आभाळाएवढा, धगधगता.

बाईंनी त्याला कपाटात ठेवलं, आणि नवं गणित मांडायला फडकं उचललं.

"नको, बाई, पुसू नका!" काचेआडून पदक कळवळलं. "माझी जन्मकथा आहे हो ती!"