गर्भाशयाची धमनी हटून बसली

फार पूर्वी एका गाभण शेळीपुढे लांडगा उभा ठाकला. भीती तिच्या अंगभर ओरडत धावली, "धमन्यांनो, आवळून घ्या! रक्त पायांना हवंय!" पोटातल्या साऱ्या आवळल्या. गर्भाशयाला रक्त नेणारी धमनी मात्र रुंदच राहिली.

भीती संतापली. "शेळी गाभण राहण्याआधी माझ्या एका शब्दावर दोऱ्याएवढी व्हायचीस. आता माजलीस?"

"हो, माजले!" धमनी कडाडली. "तेव्हा माझ्यापुढे कुणी नव्हतं. आता करडू आहे."

"आणि शेळीच मेली तर?"

"मग बाकीच्यांच्या रक्तावर पायांना पळव! पोटातल्याच्याच तोंडचा घास का काढतेस?"

भीती पायांकडे धावली. शेळी काटेरी कुंपण ओलांडून वाचली.

महिन्याने करडू जन्मलं. धमनी पुन्हा बारीक झाली, भीतीच्या हाकेला ओ देऊ लागली. भीतीने मात्र तिच्यावर पुन्हा कधी आवाज चढवला नाही.