अण्णांचे हात

“…आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, त्याला सोडून यायला मी परवानगी कुणाची मागायची, महाराज?”

हेमांगीचा आवाज चढला नव्हता. आवाज न चढवता कठीण बोलणं तिला जमत असे.

केवलनाथ महाराज उन्हाला पाठ देऊन बसले होते. तापीकाठचा तो लहानसा मठ, थंडीचे दिवस, उतरतं ऊन.

घाटाच्या खालच्या पायरीवर, त्या दोघांकडे पाठ करून, तिचे वडील, अण्णा, बसले होते. त्र्यंबक चौबळ. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत त्यांची नोकरी झाली होती. सकाळी मठात आल्यापासून ते तिथंच होते. चहा तिथंच घेतला, जेवायलाही सगळ्यांच्या पंगतीत बसले नाहीत.

“त्यांना सांगितलंस?” महाराजांनी विचारलं.

तिनं सांगितलं होतं. नाशिकजवळ वृद्धांना सांभाळणारी एक संस्था होती, माणसं मायाळू होती, खोली स्वतंत्र मिळणार होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथं चहा किती वाजता देतात, एवढंच विचारलं.

“बघा,” ती म्हणाली. “मी असले काय, नसले काय.”



हेमांगी ध्यान शिकवत असे. तिच्या शिबिरांना लांबून लोक यायचे. समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष देणं हीच साधना, असं ती सांगे, आणि लोकांना ते पटे, कारण ती खरोखरच तसं पाहत असे. तिनं असं पाहिलं की माणसांना रडू यायचं. आता तिला भगवं वस्त्र हवं होतं. महाराजांच्या हातून.

महाराज दोन वर्षं टाळत आले होते. यंदा त्यांनी एकच निरोप धाडला होता. वस्त्र घ्यायचं तर घरात जो असेल त्याला घेऊन ये.

म्हणून ती अण्णांना घेऊन आली होती.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“त्यांनी नाव सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात.”

“स्वमग्न…” महाराजांनी तो शब्द सावकाश उच्चारला. “इथं त्यासाठी लोक घरदार सोडून येतात.”

“थट्टा नको, महाराज. मी त्या घरात वाढले आहे.”

महाराजांनी मान खाली घातली. “चुकलो,” ते म्हणाले. “सांग.”

मग तिनं सांगितलं.

अण्णांनी तिला कडेवर घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. कधी बोट धरलेलं नाही. हाक मारायची ती पूर्ण नावानं, हेमांगी त्र्यंबक चौबळ, घरातल्या घरातसुद्धा. मैत्रिणी हसायच्या. भाजीला आमटी लागली की ते ताटावरून उठायचे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, आणि पाहुण्यांना चहा देता देता आई काहीतरी कारण सांगायची. कारणं सांगण्यात आईचा जन्म गेला. हेमांगीनं गाणं म्हटलं की अण्णा एवढंच म्हणायचे, दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकला. मग स्वयंपाकघरात आई कानाशी येऊन कुजबुजायची, त्यांना आवडलं हं, आवडलं नसतं तर दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकलंच नसतं.

आई त्या घरातली दुभाषी होती.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दुपारी अण्णा बाहेरच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, आज स्वयंपाक कोण करणार आहे? मावशीनं तोंडाला पदर लावला. हेमांगीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

त्यानंतर तिनंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आवाज, उजेड, गर्दी, स्पर्श, हे सगळं त्यांच्यात फार जोरात शिरतं. आपल्याला जो खांद्यावरचा हात वाटतो, तो त्यांना चटका वाटू शकतो. मनात माया नसते असं नाही, ती आपल्या ओळखीच्या वाटेनं बाहेर येत नाही.

“ऐकून काय वाटलं?”



“राग गेला, महाराज. दुःख तसंच राहिलं.”

“ते राहणारच,” महाराज म्हणाले. “तुला जे हवं होतं ते मिळालं नाही. हे खरं आहे. कुणी खोटं म्हटलं तर ऐकू नकोस.”

हे तिला अपेक्षित नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी असेल कदाचित, तिनं आणखी एक गोष्ट सांगायला घेतली. तिच्या दृष्टीनं हा शेवटचा पुरावा होता.

ती लहान असताना शेजारच्या बाईंबरोबर देवीच्या जत्रेला गेली होती. पाळण्यांपाशी गर्दीत हात सुटला. संध्याकाळ झाली. भोंगे, ढोल, पिपाण्या, पेट्रोमॅक्सचे दिवे, आणि ओळखीचं कुणी नाही. ती बांगड्यांच्या दुकानामागं बसून रडत होती. आणि तिथं अण्णा आले.

“एकटे. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबलेले. अंगावरचा सदरा घामानं भिजलेला. मी धावत गेले, तर ते एक पाऊल मागं सरकले. म्हणाले, हेमांगी त्र्यंबक चौबळ, तुझ्या सँडलचा पट्टा सुटलाय. आणि वळून चालू लागले. मी मागून चालत घरी आले. पोटाशी धरलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर खोलीत गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. माझ्यावर चिडले होते.”

“त्याआधी ते कधी जत्रेला गेले होते?” महाराजांनी विचारलं.

“छे. कधीच नाही.”

“नंतर?”

“नंतरही नाही. त्यांना कसं शक्य आहे? तो गोंगाट त्यांना…”

ती थांबली.

नदीवर वारा नव्हता. खालच्या पायरीवर अण्णांची पाठ तशीच स्थिर होती.

“ते दोन दिवस…” हेमांगी म्हणाली.

महाराजांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, किंवा तिला ते करता आलं नाही. ते उठले. पायऱ्या उतरून खाली गेले आणि अण्णांच्या पायरीवर बसले. शेजारी म्हणावं तर शेजारी, पण मधे आणखी एक माणूस मावेल इतकी जागा ठेवून. नमस्कार केला नाही. नाव विचारलं नाही. अण्णा जिकडे पाहत होते तिकडे ते पाहू लागले.

हेमांगी पाठोपाठ उतरली आणि एक पायरी वर उभी राहिली.

बराच वेळ तसाच गेला.

“येतील आता,” अण्णा म्हणाले.

कोण, ते महाराजांनी विचारलं नाही.

नदीच्या पात्रात मधोमध एक बेट होतं, बाभळींनी भरलेलं. त्याच्या पलीकडे, मावळतीच्या उजेडात, धुरासारखं काहीतरी उठलं. मग तो धूर वळला. भोरड्या होत्या त्या. दरवर्षी थंडीत दूरच्या मुलखातून येणारे ते पक्षी दिवसभर शेतांतून चरून रात्रीच्या मुक्कामाला बेटावर परतत होते. एक थवा आला, त्याला दुसरा मिळाला, कुठून तरी तिसरा आला, आणि आकाशात एकच एक भलंमोठं अंग तयार झालं. ते ताणलं जाई, आकसे, पिळे, स्वतःतच बुडी मारून दुसऱ्या बाजूनं वर येई. ते डोक्यावरून गेलं तेव्हा हजारो पंखांचा आवाज सरीसारखा अंगावरून सरकला.

हेमांगी मठात किती वेळा आली होती. संध्याकाळच्या या वेळी ती नेहमी आत, डोळे मिटून बसलेली असे.

अण्णांचे हात वर उठले.

कोपरातून वाकलेले, खांद्यांच्या उंचीवर, आणि बोटं भराभर फडफडू लागली. हे हात तिला ठाऊक होते. फार आनंद झाला की किंवा फार भीती वाटली की ते असे उठत. रस्त्यात, बसथांब्यावर, बँकेत. लोक वळून पाहत. तिची आई हलकेच त्यांच्यासमोर येऊन उभी राही. हेमांगीनं मात्र, मोठी झाल्यापासून, दुसरी रीत काढली होती. ती त्यांचं मनगट धरून हात खाली घेई. अण्णा, लोक बघताहेत.

आताही ती सवयीनं पुढं वाकली.

तेवढ्यात महाराजांचे हात वर गेले.

म्हाताऱ्याचे वाळलेले हात, कोपरातून वाकलेले. आधी बोटं नीट हलेनात. त्यांनी डोळ्यांच्या कडेनं अण्णांच्या बोटांकडे पाहिलं, शिकणारा पाहतो तसं, आणि पुन्हा आकाशाकडे पाहिलं. मग बोटं हलू लागली. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. दयाही नव्हती. तोंड किंचित उघडं होतं.

हेमांगीचा हात हवेतच राहिला.

थवा वळला. अण्णांची बोटं त्याच्याबरोबर वळली, क्षणभरही मागं न पडता. थवा आकसला, बोटं आकसली. तिच्या लक्षात आलं की ही फडफड तिनं जन्मभर पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. 

“बघा,” अण्णा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांचा आवाज एरवीसारखाच होता, सपाट, घाई नसलेला. “इतके आहेत, पण कुणी कुणाला शिवत नाही.”

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले,

“आणि कुणी कुणाला सोडत नाही.”

हेमांगी खाली बसली. दोघांच्या मधे जी जागा होती, तिथं. अंग चोरून, अण्णांच्या सदऱ्याच्या टोकालाही धक्का लागणार नाही अशी.

अण्णा सरकले नाहीत.

पुढं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. नाशिकला तिनं नकार कळवला. मठाच्या पलीकडच्या अंगाला दोन खोल्यांचं घर घेतलं. तिची शिबिरं चालू राहिली, पण कमी झाली, आणि त्यांत ती लोकांच्या डोळ्यांत पाहीनाशी झाली. भांडणंही होत त्या घरात. आमटी भाजीला लागायची. कधी कधी ती एकटीच नदीवर येऊन रडायची. अण्णा तिला शेवटपर्यंत पूर्ण नावानंच हाक मारत राहिले.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलं नव्हतं. डोक्यावर भोरड्यांचा थवा अजून घिरट्या घेत होता. उजेड तांबडा होत चालला होता आणि दोन म्हाताऱ्यांची बोटं त्यात फडफडत होती.

“महाराज,” ती अगदी हळू म्हणाली, “ते वस्त्र…”

ती मागत होती की परत करत होती, तिचं तिलाही कळलं नाही.

महाराजांनी आकाशावरची नजर काढली नाही.

“आत्ता माझे हात रिकामे नाहीत, पोरी.”